ओकायामा, ताकायामा, निइगाता आणि एक कप : बॅगेतून आणलेल्या साकेची चव

कांदेनवमी

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात जपानला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाही, ती इथे ढिगाने आहेत. हा धागा फक्त बॅगेतून आणलेल्या साकेबद्दल, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूबद्दल. माझी एक चूक झाली आहे, ती शेवटी कबूल करतो.

आधी गणित. भारतात येताना माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते. तिकडची नेहमीची बाटली 720 मिलीची. तीन घेतल्या की 2160, म्हणजे कस्टमवाल्याशी गप्पा मारायची वेळ. म्हणून हॉटेलच्या खोलीत कागदावर आकडेमोड केली : 720 + 720 + 300 + 180 = 1920. उरलेल्या 80 मिलीची हळहळ अजून आहे. (बायकोने तिचा कोटा उमेशूने, म्हणजे जपानी आंबट आलुबुखारासदृश फळाच्या गोड दारूने, भरला. त्यात वाटा मागायची माझी हिंमत नाही.)

आणलं ते असं :

1) वन कप ओझेकी, 180 मिली. स्टेशनवरच्या टपरीतून. काचेचा ग्लासच, वर पत्र्याचं झाकण. मधात बोट बुडवून चाटावं तसा पहिला गोडवा, मग तांदळाच्या पिठाचा वास, मग घशात थोडी जळजळ. फार काही नाही, पण मला आवडली. लेबलाच्या मागच्या बाजूला चित्र असतं, ते दारूतून आरपार दिसतं. ग्लास रिकामा होत जातो तसं चित्र बदलल्यासारखं वाटतं. माझ्यावर दारूचा परिणाम फार लवकर होतो हेही खरं.

2) हाक्काइसान, तोकुबेत्सु होंजोझो, 300 मिली. निइगाताची. एचिगो-युझावा स्टेशनात साके चाखायची एक भिंतच आहे. नाणं टाकायचं, इवल्या पेल्यात घोटभर येते. दारात झिंगून पडलेल्या कोटटायवाल्यांचे पुतळे ठेवलेत, त्यामुळे आत शिरताना अपेक्षा स्पष्ट असते. तिथे ही भन्नाट लागली होती. घरी चिवड्यासोबत उघडली तर पाणी! म्हणजे चांगलं पाणी, पण पाणीच. वास नाही, गोडवा नाही, घोट गेला की काही झालंच नाही असं तोंड.

3) ओकायामाची ओमाची तांदळाची जुनमाई, 720 मिली. पुणेकर असल्याने ओकायामाला जाणं भाग होतं. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग ज्या कोराकुएनवरून बेतली ती तिथे आहे. मूळ बाग बघून बाहेर पडलो आणि समोरच्या दुकानातून बाटली घेतली. घरी फ्रिजमध्ये मस्त गार केली, वाइनच्या ग्लासात ओतली, सोबत चिवडा आणि खारे दाणे. कडवट, आखडलेली. दाराआडून कोणीतरी बोलतंय आणि शब्द कळत नाहीत असं काहीसं. अर्धीअधिक बाटली अजून फ्रिजात आहे.

4) ताकायामाची नामाझाके, 720 मिली. सान्माची भागातल्या जुन्या लाकडी गल्लीत ओळीने साकेच्या भट्ट्या, दारावर देवदारासारख्या सुगी झाडाच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला. तिथे चाखली तेव्हा नासपती आणि ताजा फेस. आयुष्यातली सर्वात चांगली साके. ती घरी आणून शोकेसमध्ये ठेवली, लग्नाच्या वाढदिवसाला फोडू म्हणून. फेब्रुवारीत फोडली. रंग किंचित पिवळा, वास ओल्या पुठ्ठ्याचा आणि जुन्या लोणच्याच्या बरणीचा. पाहुण्यांनी ‘वेगळीच आहे’ म्हणत ग्लास खाली ठेवले. दोघांनी तर कुंडीत ओतली असा मला दाट संशय आहे.

तर जाणकारांनो, माझं काय काय चुकलं?

---

ओसाका डायरी

कांदेनवमी साहेब, चौथा मुद्दा वाचून डोळ्यांत पाणी आलं. नामा म्हणजे कच्ची. बाकीची साके बाटलीत जाईपर्यंत साधारण दोनदा तापवतात, त्याला हि-इरे म्हणतात. साठच्या आसपास अंशांवर तापवली की जंतू आणि कोजीची (तांदळावर वाढवलेल्या बुरशीची) विकरं दोन्ही शांत होतात. नामा तापवलेलीच नसते, त्यामुळे ती बाटलीत बसल्याबसल्या बदलत राहते. लेबलावर ‘यो-रेइझो’ लिहिलेलं असणार, म्हणजे फ्रिजातच ठेवा. तुम्ही ती आधी ताकायामाहून ओकायामा, मग विमान, मग पुण्यात तीन महिने शोकेस अशी फिरवलीत. ओल्या पुठ्ठ्याचा जो वास आला त्याला इथे ‘मुरेका’ म्हणतात, कोंदटलेला वास. शोकेसमध्ये दिवा होता का? उजेडानेही साके बिघडते, म्हणून तर बाटल्या तपकिरी नाहीतर हिरव्या असतात.

गंमत म्हणजे हे तापवणं नारातल्या एका मठाच्या सोळाव्या शतकातल्या रोजनिशीत नोंदलेलं आहे. पाश्चरच्या तीनएकशे वर्षं आधी.

आणि साके शोकेसची वस्तू नव्हे. व्हिस्कीसारखी राखून ठेवायची सवय आपल्याला नडते. मुद्दाम मुरवलेल्या कोशूचा प्रकार सोडला तर साके भाजीपाल्याच्या रांगेत धरा. लेबलावर महिना-वर्ष छापलेलं असतं ती एक्सपायरी नव्हे, बाटलीत भरल्याची तारीख. तिथून साधारण वर्षभरात संपवायची. नामा असेल तर हॉटेलच्या खोलीतच, त्याच रात्री.

---

कांदेनवमी

शोकेसमध्ये दिवा होता. दोन होते.

---

शंकासुर

माझे प्रश्न बाळबोध आहेत, हसू नका. होंजोझो, जुनमाई, गिंजो हे गावं आहेत का जाती? आणि दुकानात एकावर 60 टक्के, दुसरीवर 50 टक्के लिहिलेलं, आणि 50 वाली महाग. 60 वाली जास्त कडक असून स्वस्त कशी?

---

ओसाका डायरी

ते टक्के दारूचे नाहीत. तांदळाचे आहेत.

आपल्याकडे तांदूळ सडतात ना, तसंच. उखळात सडून वरचा कोंडा काढला की दाणा पांढरा होतो. साकेवाले त्याच्याही पुढे जातात. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, त्यांनी चव जड होते. म्हणून यंत्रात घासत घासत गाभ्यापर्यंत जायचं. लेबलावरचा आकडा *उरलेल्या* दाण्याचा : 60 म्हणजे चाळीस टक्के दाणा पीठ होऊन गेला. 60 किंवा खाली असेल तर गिंजो म्हणता येतं, 50 किंवा खाली दाइगिंजो, होंजोझोला 70 पुरतात. यामागुचीची दास्साई तर 23 पर्यंत जाते. जुनमाई म्हणजे फक्त तांदूळ, कोजी, पाणी, यीस्ट. होंजोझोत शेवटी थोडा वेगळा मद्यार्क घालतात, चव हलकी आणि कोरडी व्हावी म्हणून. आणि कडकपणा म्हणाल तर बहुतेक सगळ्यांची 15-16 टक्क्यांच्या घरात.

मात्र जास्त सडलेली म्हणजे जास्त चांगली हा समज सोडा. इंद्रायणीचा दाणा घासून घासून साबुदाणा केला तर तो इंद्रायणी राहील का?

---

अर्धा तांब्या

शंकासुरा, आणखी एक. जपानात ‘साके’ म्हणजे कुठलीही दारू. आपण जिला साके म्हणतो ती तिथे ‘निहोंशु’. मी पहिल्या ट्रिपला हॉटेलात रुबाबात ‘साके’ मागितली तर वेटरने बिअरपासून सगळी यादी वाचली.

---

सुरमई

मी जपानला गेलेली नाही, पण नवरा जपानी कंपनीत आहे त्यामुळे घरात बाटल्या येतात. माझं मत : कांदेनवमी, तुमचा चकणा चुकला. चिवडा! हळद, हिंग, तळलेला कढीपत्ता आणि शेव. त्यात बिचाऱ्या निइगाताच्या साकेचं काय ऐकू येणार? ती मुळात ‘तानरेई काराकुची’ म्हणजे हलकी आणि कोरडी. जेवणाच्या आड न येणं हेच तिचं काम.

आमच्याकडे हीच हाक्काइसान ओल्या बोंबलाबरोबर प्यालो. तिखट-मीठ अगदी कमी, रवा लावून तव्यावर. बोंबील संपला, घोट घेतला, तोंड धुतल्यासारखं स्वच्छ, पुढचा बोंबील पुन्हा पहिल्यासारखा. तेव्हा कळलं की पाणी वाटते ती तिची खुबी आहे. व्हाइट वाइनबरोबर कधीकधी मासा उग्र लागतो, तो वाइनमधल्या लोहामुळे. साकेत लोह जवळजवळ नसतं, भट्टीवाले पाण्यातलं लोह शत्रूसारखं टाळतात.

बांगड्याचं तिखलं मात्र नको. त्याच्यापुढे कुठलीच टिकत नाही. केली आहे मी ती चूक.

---

ओसाका डायरी

सुरमईताई, लोहाचं अगदी बरोबर. तुमच्या पाण्याच्या धाग्यावरून कांदेनवमींच्या एक नंबरकडे येतो, कारण ते तिला टपरीवरचा ग्लास समजून पुढे गेले. ओझेकी निशिनोमियाची, म्हणजे नादा भागातली. 1711 पासूनची भट्टी. वन कप त्यांनी 10 ऑक्टोबर 1964 ला काढला, टोकियो ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी. तोवर साके म्हणजे मोठी बाटली, सुरई, इवले पेले असा सरंजाम. यांनी ती ग्लासासकट ट्रेनमध्ये नेली.

नादाला मोठं केलं ते तिथल्या ‘मियामिझु’ पाण्याने. जपानच्या मानाने हे पाणी जड, खनिजं भरपूर, लोह नगण्य. यीस्टला खुराक मिळतो, आंबणं जोरात होतं, साके करकरीत उतरते. क्योतोजवळच्या फुशिमीचं पाणी मऊ, तिथे आंबणं सावकाश, साके मुलायम. म्हणून ‘नादाची पुरुषी, फुशिमीची बायकी’ अशी जुनी म्हण आहे.

---

सुरमई

म्हण तिकडेच राहू दे. माझ्या सासूबाईंनी केलेली आंबोळी फुशिमीची आणि सासऱ्यांचा चहा नादाचा असं म्हणायची वेळ येईल.

---

ओसाका डायरी

मागे घेतली. :) पण मऊ पाण्याची गोष्ट राहिली. हिरोशिमाकडचं पाणी इतकं मऊ की तिथे चांगली साके होतच नाही असं मानायचे. मिउरा सेन्झाबुरो नावाच्या भट्टीवाल्याने कोजी नीट मुरू देऊन, कमी तापमानावर संथ आंबवायची रीत बसवली आणि 1898 मध्ये ती छापून सगळ्यांना वाटून टाकली. आजच्या गिंजोचं मूळ त्यात आहे. हिरोशिमाला जाणाऱ्यांनी सैजोला अर्धा दिवस द्या. स्टेशनातून चालत जाण्याइतक्या अंतरावर भट्ट्यांची लाल विटांची धुराडी उभी आहेत.

---

वरणभात

मी पीत नाही, घरात कोणी पीत नाही, तरी धागा पूर्ण वाचला. एक विचारते. क्योतोत थंडीत एका देवळाबाहेर ‘अमाझाके’ म्हणून गरम काहीतरी प्यालो. साखर न घातलेली तांदळाची खीर म्हणावी अशी, पण गोडमिट्ट. मुलीनेही प्यायली. आता ‘झाके’ वाचून घाबरले आहे.

---

ओसाका डायरी

वरणभातताई, दोन प्रकार असतात. तांदूळ आणि कोजीची असेल तर दारू नसते. कोजी ही बुरशी वाफवलेल्या तांदळावर वाढवतात, ती पिठूळ भागाची साखर करते. तो गोडवा तांदळाचाच. दुसरी साकेच्या चोथ्याची, तिच्यात थोडी दारू राहते. गोडमिट्ट आणि साखर नाही म्हणताय तर पहिलीच असणार. मुलीला सांगू नका.

---

अर्धा तांब्या

कोजीचा वास ज्यांना कल्पनेत आणायचा आहे त्यांनी अनारशाचं पीठ आठवावं. तीन दिवस भिजवलेला तांदूळ, निथळून, कुटून, गुळात मळून डब्यात ठेवलेला. चौथ्या दिवशी डब्याचं झाकण उघडल्यावर जो पहिला वास येतो, तो. अकिताच्या एका भट्टीत कोजीच्या खोलीच्या दाराशी उभा होतो आणि मला आजीच्या फडताळाची आठवण झाली. शास्त्र वेगळं असेल, नाकाला ते कळत नाही.

साकेची गंमत ही की साखर होणं आणि साखरेची दारू होणं एकाच पिंपात एकाच वेळी चालतं. म्हणून डिस्टिल न करता वीसच्या आसपास टक्के जाते, मग पाणी घालून खाली आणतात. न आणता भरली तर ती ‘गेंशू’. लेबलावर हा शब्द असेल तर दुसऱ्या पेल्यानंतर जिना उतरू नका.

---

हुर्राक

गोंयकार म्हणून हजेरी लावतो. तुम्ही सगळे उत्तरेतच फिरताय. मी ओकिनावाहून आवामोरी आणली. ती साके नव्हे, डिस्टिल केलेली. काळी कोजी आणि तांदूळ चक्क थायलंडचा, लांब दाण्याचा. मातीच्या भांड्यात तीन वर्षं किंवा जास्त मुरवलेली असेल तर ‘कूसू’. पहिल्या घोटाला माझ्या बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘ही आमचीच, पण शाळेत गेलेली.’ काजूच्या फेणीचा तो उग्र फळाचा दणका नाही, पण घशात उतरायची रीत तीच. बर्फ आणि पाणी घालून, तळलेल्या मोडशा माशाबरोबर उत्तम. बाटलीत साप घातलेली मिळते ती आणू नका. आईने ती घराबाहेर ठेवायला लावली, अजून तिथेच आहे.

---

तिसरी घंटा

कोचीचं कोणीच लिहिलं नाही? (शिकोकूतलं, केरळातलं नव्हे.) ऑफिसच्या कामाला गेलो होतो. तिथली साके कोरडी ठणठणीत आणि प्यायची पद्धत त्याहून. ‘बेकुहाई’ नावाचा तीन पेल्यांचा संच असतो. एक ओकामे बाईच्या मुखवट्याचा, लहानसा, तो खाली ठेवता येतो. दुसरा वाकड्या तोंडाच्या ह्योत्तोकोचा, त्याच्या तोंडाला भोक, बोट लावून धरायचं, नाहीतर शर्टावर. तिसरा तेंगूचा, त्याचं नाक एवढं लांब की पेला टेबलावर बसतच नाही, आणि मावते सगळ्यात जास्त. भोवरा फिरवायचा, ज्याच्याकडे टोक येईल त्याने भोवऱ्यावर आलेल्या चित्राचा पेला रिकामा करायचा. मला लागोपाठ तीन वेळा तेंगू आला. मीटिंगमध्ये दिवसभर तोंड न उघडणारे साठीचे साहेब टाळ्या वाजवून गात होते.

तो संच विकत आणला. घरी बायकोने तेंगूत उदबत्त्या खोचल्या.

चवीबद्दल : सोबत पेंढ्याच्या जाळावर बाहेरून करपवलेला कात्सुओ मासा, वर लसणाचे कच्चे काप आणि जाड मीठ. त्याच्याबरोबर ती कोरडी साके म्हणजे काय सांगू. तीच बाटली ठाण्यात उघडली तर नुसती झोंबली. पेंढा नाही, कात्सुओ नाही, टाळ्या नाहीत.

---

ओसाका डायरी

आता ओमाची राहिली. कांदेनवमी, ती अर्धी बाटली ओतू नका. ओमाची हा जुना वाण, 1859 मध्ये ओकायामाजवळच्या ओमाची गावच्या एका शेतकऱ्याला दाइसेन डोंगराच्या यात्रेहून परतताना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या आणून त्याने वाढवला. आज साकेचा राजा म्हणतात तो यामादा निशिकी याच्याच वंशातला. रोप उंच, वाऱ्याने आडवं होतं, कीड लागते, म्हणून शेतकऱ्यांनी सोडलं होतं. मग ओकायामातल्याच भट्टीवाल्यांनी पुन्हा लावलं. दाणा मऊ, पिंपात चांगला विरघळतो, त्यामुळे चवीला भरीव. अशी साके फ्रिजच्या गारठ्यात तोंड उघडत नाही. कोमट करा. भांडं गॅसवर नको, गरम पाण्यात ठेवा. इथे दर पाच अंशांना नाव आहे : 30 ला हिनाता म्हणजे ऊन, 35 ला हितोहादा म्हणजे माणसाची त्वचा, 40 नुरु, 45 जो, 50 आत्सु. तुम्ही 40-45 धरा. आणि वाइनचा ग्लास ठेवून द्या.

---

कांदेनवमी

मंडळी, काल रात्रीचा वृत्तांत.

ओकायामाहून बिझेनचा एक पेला आणला होता, त्याचं नाव धाग्यात घ्यायचं राहिलं कारण त्यात बायको सेफ्टी पिना ठेवत होती. बिझेन म्हणजे तिथली बिनचकाकीची, भट्टीतल्या राखेने आणि जाळाने रंगलेली मातीची भांडी. विटकरी, आतून खरखरीत. पिना काढल्या, पेला धुतला.

स्टीलच्या लहान तांब्यात साके, तांब्या पातेल्यातल्या गरम पाण्यात, आणि पावाच्या यीस्टसाठी घेतलेला थर्मामीटर. 35 ला पहिला घोट : दार किलकिलं. 43 ला दुसरा, आणि मंडळी, मऊ भाताची पेज! वरून तूप सोडलेली. आधी जो कडवटपणा होता तो भाजलेल्या दाण्यासारखा मागे जाऊन बसला. 50 च्या पुढे गेली तेव्हा मद्यार्काचा वास नाकात शिरला, तो माझा हलगर्जीपणा, फोन आला होता.

सोबत चिवडा नव्हता. सुरमईताईंच्या धाकाने पापलेट आणलं, फक्त मीठ-आमसूल लावून वाफवलं. पण खरी जमली ती वालाच्या बिरड्याशी. वालाची ती किंचित कडू चव आणि कोमट ओमाची, दोघी जुन्या शेजारणींसारख्या बोलायला लागल्या. बायकोने उमेशू सोडून पेला माझ्या हातातून घेतला आणि परत दिला नाही.

हाक्काइसानचे तळाशी शंभरएक मिली उरले होते, पण आठवडाभर उघडी राहिल्याने ती सपक झाली होती. तिचा न्याय पुढच्या ट्रिपला.

---

शंकासुर

ताकायामावालीचं काय केलंत शेवटी?

---

कांदेनवमी

तिच्यात कोंबडी मुरवली. दोन तास, आलं-लसूण घालून. मटणवाल्याला सांगितलं ‘या वेळची कोंबडी फार मऊ झाली’, त्याला वाटलं त्याच्या कोंबडीचं कौतुक चाललंय.

---

वरणभात

आणि कुंडीतलं झाड?

---

कांदेनवमी

कढीपत्ता होता. जोरात आहे.